आधी बॉनेट उघडा, रंगाचा डबा नंतर

प्रश्न : काका, आमच्या घरामागच्या शेडमध्ये आजोबांची रोल्स-रॉइस वर्षानुवर्षं पडून आहे. मॉडेल 20/25, चार दारांची. आजोबा वकील होते. त्यांना ती 1949 च्या सुमारास एका अशिलाने फीऐवजी दिली आणि त्याआधी ती एका संस्थानिकांची होती, असं घरात सगळे सांगतात. आर.सी. बुक सापडत नाही. हँडल मारलं तर इंजिन फिरत नाही. चुलतभाऊ म्हणतो, मरून-क्रीम रंग मारू, आत पांढरं रेक्झिन लावू आणि लग्नांना भाड्याने देऊ. सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, मिरज

उत्तर : पहिली गोष्ट, शेडची किल्ली चुलतभावाकडे देऊ नका.

हँडलला पाइप अडकवून जोर लावू नका. जीपला बांधून ओढायचं तर मनातही आणू नका. सहाही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडा आणि काही आठवडे गाडीला हात लावू नका. तेल मुरेपर्यंत तुम्हाला दुसरं काम आहे. ही गाडी कोणाकोणाच्या दारात उभी होती, ते शोधायचं. रंगाला हात लागला की हे शोधणं संपतं, म्हणून ते आधी.

बॉनेट उघडा. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर चासी (गाडीचा खालचा सांगाडा) नंबरची पट्टी असते. 20/25 चा नंबर तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडा असा असतो, आणि पहिलं अक्षर नेहमी ‘जी’. आकडा 13 कंपनीने कधी दिलाच नाही. कोणी 13 नंबरची पट्टी दाखवली तर नमस्कार करून निघा.

1929 ते 1936 या काळात डर्बीच्या कारखान्यातून या मॉडेलच्या 3,800 वर चासी बाहेर पडल्या. ‘चासी’ हे मुद्दाम म्हणतोय. कंपनी सांगाडा, इंजिन, रेडिएटर देई; बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायची. हूपर, बार्कर, थ्रप अँड मेबर्ली ही लंडनची नावाजलेली घराणी. दाराच्या उंबऱ्यावरच्या पट्टीवरचा मळ पुसा, नाव बहुधा तिथेच असेल. प्रत्येक चासीचं एक कार्ड भरलेलं असे. ती कार्डं आज इंग्लंडात नॉर्दॅम्प्टनशरमधल्या पॉलर्सपरी गावी रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबकडे आहेत. नंबर कळवा, शुल्क भरा आणि नक्कल मागवा. पहिला गिऱ्हाईक कोण, बॉडी कोणाची, गाडी कुठे वापरायची होती, हे त्यात सापडतं.

आता संस्थानिक. सांगली, मिरज, जमखंडी ही संस्थानं 8 मार्च 1948 ला मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर 1 मार्च 1949 ला. त्यानंतर दरबारच्या गाड्या विकल्या गेल्या असणं स्वाभाविक आहे, तेव्हा तुमचं साल जुळतं. पण जुळणारं साल म्हणजे पुरावा नव्हे, हे वकिलाच्या नातवाला मी काय सांगावं! कार्डावर मुंबईचा गिरणीमालक निघेल, गोरा अधिकारी निघेल, एखादा डॉक्टरही निघेल. त्याने गाडीची किंमत माझ्या लेखी रतीभरही कमी होत नाही. (रोल्स-रॉइसमधून कचरा वाहणाऱ्या राजाची गोष्ट मात्र कोणी मला पाठवू नका. अलवर, भरतपूर, पतियाळा, हैदराबाद, सगळ्यांच्या नावावर तीच खपवतात.)

कार्ड बहुधा पहिल्या मालकापाशी थांबतं. पुढचं गाडीच्या अंगावर वाचायचं. मागच्या खिडक्यांवर पडद्याच्या दांडीची भोकं आहेत? मग बायकामंडळी पडद्यात बसत असणार. पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाला जादा भोकं असतील तर शिकारीचा दिवा. मागे जाड ब्रॅकेटच्या खुणा दिसल्या तर महायुद्धात पेट्रोल रेशनवर गेलं तेव्हा बसवलेलं कोळशाच्या गॅसचं यंत्र असू शकतं. डेंटर ही सगळी भोकं तासाभरात लांबी (पुट्टी) भरून बुजवतो. त्याआधी प्रत्येकाचा फोटो काढा, माप लिहा. गाद्या उचला; खाली टॅक्सचं टोकन, पावत्या मिळतात. नंबर प्लेट खरवडू नका, जुना नंबर रंगाखाली असतो. ‘बीएम’ने सुरू होणारा असेल तर मुंबई प्रांत; संस्थानांचे नंबर वेगळे असत.

रंगाचंही तसंच. दाराच्या आतल्या कडेला रुपयाएवढ्या जागी बारीक वॉटर पेपरने हलकेच घासा. एकाखाली एक थर कांद्याच्या चकतीसारखे उघडे पडतील. सर्वांत आतला रंग कार्डाशी ताडून पाहा. तो मरून-क्रीम निघाला तर चुलतभाऊ जिंकला.

लाकूड ही मोठ्या खर्चाची बाब. बॉडीचा सांगाडा ॲश नावाच्या विलायती लाकडाचा, वर बहुतेक ॲल्युमिनियमचा पत्रा. चुंबक फिरवा: जिथे चिकटेल तिथे लोखंड किंवा मागाहूनची डागडुजी. दाराचे खांब बोटाने ठोका. भद्द आवाज आला तर आत वाळवी किंवा कूज. आपल्याकडे सागवान घालतात, माझी हरकत नाही. पण कुजका तुकडा फेकू नका, सुताराला नमुना तोच.

भाड्याचं विसरा. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीची व्हिंटेज नोंदणी होते, जुना नंबरही राखता येतो. पण धंद्यासाठी ती वापरता येत नाही. 1950 पूर्वीच्या गाड्यांच्या निर्यातीवर बंधन आहे, त्यामुळे परदेशी गिऱ्हाइकाच्या गोड फोनला भुलू नका. आजोबांच्या वारसांचे कागद मात्र आत्ताच जुळवायला घ्या. इंजिन सुटायला लागत नाही एवढा वेळ भावकीच्या सह्यांना लागतो.

प्रश्न : आमच्या 1947 च्या ब्यूइकला जीपचं इंजिन बसवलेलं आहे. काढून टाकावं का?
— एक वाचक, वसई

उत्तर : मूळचं आठ सिलिंडरचं इंजिन हाती येईपर्यंत नाही. पेट्रोल परवडेना म्हणून कोणीतरी तसं केलं, त्यामुळेच गाडी भंगारात गेली नाही. ज्याने ते बसवलं त्या गॅरेजवाल्याच्या घरी आधी विचारा. जुनी इंजिनं पुष्कळदा पोटमाळ्याखालीच पडून असतात.