प्रार्थना चालू, गोळ्या बंद: काय करावं?

प्रश्न: माझ्या २२ वर्षांच्या भावाला फिट्स येतात. औषधावर दोन वर्षं ठीक होता, मग मध्येच एक फिट आली. प्रार्थनागटाचे पुढारी म्हणतात, हा दुष्टात्मा आहे आणि गोळ्या म्हणजे अविश्वास. सात दिवस उपास आणि रात्रभर सुटकेची प्रार्थना ठरली आहे. आईने चार दिवसांपासून गोळ्या बंद केल्यात. मी बोलले, तर 'तुझ्यामुळे आशीर्वाद अडतोय' म्हणतात. मी विश्वासात कमी पडतेय का?

उत्तर: ताई, विश्वासाचं नंतर बोलू. आधी त्याच्या डॉक्टरांना फोन करा, आत्ताच. चार दिवसांच्या गोळ्या चुकल्यात हे स्पष्ट सांगा आणि पुन्हा किती मात्रेने सुरू करायच्या ते त्यांनाच विचारा. चुकलेल्या गोळ्या एकदम देऊ नका. हे औषध अचानक थांबलं, तर फिट्स एकामागून एक येऊन जिवावर बेतू शकतं. फिट ५ मिनिटांवर गेली, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर थेट रुग्णालय गाठा. तोवर त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका.

आता त्या ठरलेल्या प्रार्थनेकडे पाहा. जागरणाने फिट येऊ शकते, उपाशी राहिल्यानेही येऊ शकते, औषध तुटल्यावर तर धोका फारच वाढतो. तिन्ही एकत्र केल्यावर सहाव्या रात्री तो पडला, की सगळे म्हणणार, 'बघा, आत्मा प्रकट झाला!' मग आवाज चढणार, चारजण त्याला दाबून धरणार आणि आणखी उपास सांगणार. जर्मनीत हे शेवटापर्यंत गेलं. फिट्सचं निदान झालेल्या २३ वर्षांच्या विद्यार्थिनीवर ६७ वेळा भूत काढण्याचे विधी झाले आणि १९७६ मध्ये ती अन्नपाण्यावाचून गेली. १९७८ मध्ये तिचे आईवडील आणि दोन धर्मगुरू दोषी ठरले. कॅथलिक नियमानुसार हा विधी बिशपांच्या स्पष्ट परवानगीशिवाय करता येत नाही, आणि आधी आजार नाही ना याची खात्री करावी लागते.

प्रार्थनागटाचे पुढारी बायबलच्या मार्क ९ मधला, येशूने बरा केलेला झटके येणारा मुलगा पुढे करतील. तिथे आत्मा होता, शास्त्र तसं सांगतं. पण मत्तय ४:२४ मध्ये भूतग्रस्त आणि फेफरेकरी (फिट्स येणारे) वेगवेगळे मोजले आहेत, म्हणजे प्रत्येक फिट दुष्टात्म्याची असं शास्त्रच म्हणत नाही. शिवाय मार्कमध्ये येशू विश्वास मुलाकडे मागत नाही, त्याबद्दल बोलतो ते बापाशी. मुलाला ना उपास घडवला, ना रात्रभर बसवलं. प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, दुसरा सहकारी त्रफिम याला मिलेत शहरात आजारी ठेवून तो पुढे गेला. तेव्हा अविश्वासाचा ठपका कुणावर ठेवला होता?

आध्यात्मिक युद्धाचं म्हणाल, तर इफिस ६ (इफिसकरांस पत्र, अध्याय ६) मधली शस्त्रसामग्री वाचा: सत्याचा कमरपट्टा, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण. वार करायला एकच तलवार, देवाचं वचन. आणि झगडा रक्तमांसाशी नाही, हे तिथेच लिहिलंय. भावाचं शरीर रक्तमांसच आहे.

प्रार्थना जरूर करा, याकोब ५:१४ प्रमाणे. मंडळीचे (चर्चचे) पाळक आणि एक-दोन वडील, म्हणजे मंडळीतले जबाबदार ज्येष्ठ, घरी बोलवा; त्या वचनात आजाऱ्याने वडिलांना बोलवायचं असतं, म्हणून भावाची इच्छा आधी विचारा. दिवसा, जेवण आणि गोळी झाल्यावर, पंधरा-वीस मिनिटं पुरे. कपाळाला तेलाचं बोट, डोक्यावर किंवा खांद्यावर हलका हात, साध्या आवाजात थोडके शब्द. 'तू कोण, नाव सांग' असली उलटतपासणी नको. पापकबुली पाळकाजवळ, एकांतात आणि त्याला वाटलं तरच. मध्ये फिट आली, तर मोठ्याने चाललेली प्रार्थना थांबवून वेळ मोजा. उपास करायचाच असेल, तर प्रार्थना करणाऱ्यांनी करावा. आणि कुणी पैसे मागितले, तर मत्तय १०:८ दाखवा: फुकट मिळालं, फुकट द्या.

आईशी भांडू नका, ती घाबरली आहे. 'प्रार्थनाही करू, गोळीही देऊ. बरा झाला, तर डॉक्टर तपासून स्वतःच मात्रा उतरवतील,' एवढंच म्हणा. दहा कुष्ठरोग्यांनाही प्रभूने याजकाला दाखवायला पाठवलंच होतं; बरं झाल्याची तपासणी तेव्हा याजक करायचे. ती तरीही अडली, तर पाळकांना मध्ये घ्या. गोळ्या मात्र आजपासून तुमच्या ताब्यात ठेवा.