न हरता बंद पडलेला संघ: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकातल्या अमेरिकन फुटबॉलवरील लेखात १९५१ सालच्या युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोच्या 'डॉन्स' संघाचा ओझरता उल्लेख होता. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतले चार प्रश्न घेतले आहेत.

नऊपैकी नऊ सामने जिंकूनही या संघाला 'बाउल' सामना का मिळाला नाही? (वाचक, नाशिक)

बाउल म्हणजे हंगाम संपल्यावर निवडक कॉलेज संघांत होणारा मानाचा, पैसे मिळवून देणारा सामना. गुणतक्त्यात वर आलात म्हणून तो मिळत नसे, आयोजकांचं आमंत्रण यावं लागे. त्यात मोठ्या बाउलच्या जागा आधीच ठरलेल्या असत. रोझ बाउल १९४७ पासून करारानं पॅसिफिक कोस्ट आणि बिग टेन या कॉलेजांच्या दोन गटांकडे होता. कॉटन बाउलमध्ये साउथवेस्ट गटाचा विजेता यजमान असे. डॉन्स कोणत्याच गटात नव्हते, त्यामुळे त्यांच्यासाठी मुख्यतः तीनच दारं उरली: मायामीचा ऑरेंज, न्यू ऑर्लिन्सचा शुगर आणि जॅक्सनव्हिलचा गेटर. तिन्ही शहरं दक्षिणेतली, जिथं गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवण्याचे कायदे होते. आणि डॉन्समध्ये ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते.

या दोघांना घरी ठेवलं तर आमंत्रण मिळेल, असा निरोप प्रशिक्षक जो कुहारिच यांच्यामार्फत आल्याचं खेळाडूंनी पुढे सांगितलं. संघानं एकमुखानं नकार दिला.

आयोजकांच्या बाजूनं कारण दिलं गेलं ते कच्च्या प्रतिस्पर्ध्यांचं. ते अगदीच पोकळ नव्हतं. सॅन होजे स्टेटशी दोनदा गाठ, शिवाय कॅम्प पेंडल्टनचा मरीन संघ आणि सॅन डिएगोचं नौदल प्रशिक्षण केंद्र, अशी ती यादी होती. पण गटाबाहेरच्या छोट्या कॉलेजशी खेळायला बडी कॉलेजं राजी नसत, मग सामने आणायचे कुठून? आणि मनात असतं तर वाट निघत होती. १९४८ च्या कॉटन बाउलमध्ये पेन स्टेटचे दोन कृष्णवर्णीय खेळाडू डॅलसमध्ये खेळलेच की. फक्त त्या संघाला शहरातल्या हॉटेलऐवजी नौदलाच्या हवाई तळावर मुक्काम करावा लागला. आमच्या मते कच्चे प्रतिस्पर्धी ही सोयीची सबब होती.

त्यांच्या निकालांत ३९-२, २०-२ असे आकडे दिसतात. दोनच गुण कसे मिळतात? (वाचक, कोल्हापूर)

१९५१ ची गुणपद्धत अशी: टचडाउनचे (चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे नेणं) ६, त्यानंतरच्या किकचा १, फील्ड गोलचे (चेंडू लाथेनं गोलखांबांमधून मारणं) ३ आणि सेफ्टीचे २. टचडाउननंतर दोन गुणांचा पर्याय कॉलेजच्या खेळात १९५८ मध्ये आला. म्हणून त्या काळच्या निकालात एखाद्या संघाचे नुसते २ गुण दिसले की खुशाल सेफ्टी समजावी.

चेंडू बाळगणाऱ्याला त्याच्याच गोलरेषेमागे पाडलं की सेफ्टी होते. बऱ्याचदा घोळ पंटच्या वेळी, म्हणजे चेंडू लाथेनं लांब मारून समोरच्याकडे सोपवताना होतो. संघ स्वतःच्या गोलरेषेला टेकलेला असतो, मागे फेकलेला चेंडू पंटरच्या डोक्यावरून जातो आणि तो उचलेपर्यंत समोरचे अंगावर आलेले असतात. नुकसान दुहेरी, कारण २ गुण गेल्यावर स्वतःच्या २० यार्डांच्या रेषेवरून चेंडूही समोरच्यालाच मारून द्यावा लागतो.

मॅटसन हंगामात चेंडू घेऊन १,५६६ यार्ड धावल्याचं वाचलं. हे खरंच फार आहे का? (वाचक, पुणे)

हो, त्या वर्षी देशात कोणीच त्याच्या पुढे नव्हतं. नऊ सामन्यांत १,५६६, म्हणजे सामन्याला १७४ यार्ड. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकता आलं नाही की चेंडू सोडावा लागतो, हे लक्षात घेतलं की आकड्याचं वजन कळतं. शिवाय २१ टचडाउन. आणि तो बचावातही खेळायचा!

न्यूयॉर्कमध्ये फोर्डमला ३२-२६ हरवताना त्यानं दोन किकऑफ (खेळ सुरू करताना समोरच्यांनी लांब मारलेला चेंडू) ९४ आणि ९० यार्ड परत आणून टचडाउन केले. किकऑफ तेव्हा मारणाऱ्याच्या ४० यार्डांच्या रेषेवरून होई. तो चेंडू स्वतःच्या गोलरेषेजवळ झेलायचा आणि पूर्ण वेगानं समोरून येणाऱ्या अकरा जणांतून वाट काढायची. असा एक टचडाउन मिळाला तरी तो सामना लक्षात राहतो. तरीही कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइसमन करंडक प्रिन्स्टनच्या डिक काझमायरला गेला.

पुढे संघाचं काय झालं? (वाचक, ठाणे)

हंगाम संपताच विद्यापीठानं या पातळीवरचं फुटबॉल बंद केलं. खेळ तोट्यात होता आणि बाउलचे पैसे आले नाहीत. खेळाडू मात्र चमकले. मॅटसन, जिनो मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर हे तिघेही पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. संघाच्या प्रसिद्धीचं काम पाहणारा तरुण पीट रोझेल १९६० मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगचा आयुक्त झाला.

मॅटसननं १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटरचं कांस्य आणि ४ x ४०० रिलेचं रौप्य मिळवलं. होय, आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य जिंकलं तेच हे ऑलिम्पिक.

टोलरचा गुडघा १९५२ मध्येच कॉलेज ऑल-स्टार सामन्यात जायबंदी झाला आणि व्यावसायिक खेळणं राहूनच गेलं. १९६५ मध्ये तो पंच म्हणून एनएफएलच्या मैदानात उतरला. त्या लीगमधला तो पहिला कृष्णवर्णीय पंच. १९८० च्या सुपर बाउलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यालाही तो पंचांच्या चमूत होता.