पलंगाखाली रोज पांढरी पूड पडते. ही वाळवी आहे का, आणि पलंग वाचेल का?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या ‘सागवानी’ पलंगाच्या मागच्या पायाशी रोज चिमूटभर पूड जमते, टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसतात आणि शेजारी म्हणतात, रॉकेल ओता नाहीतर पलंग टाकून द्या. कृपा करून यातलं काहीच करू नका. मी जुन्या फर्निचरची दुरुस्ती आणि पॉलिशचं काम करतो. असे पलंग बऱ्याचदा वाचतात.

आधी ती पूड बोटांत चोळून बघा. मैद्यासारखी मऊ लागली तर ते लाकूड पोखरणारे भुंगेरे. घुण म्हणतात ते हेच, कोकणात भिरूड. वाळवी असती तर जमिनीपासून किंवा भिंतीवरून मातीच्या नळ्या आल्या असत्या. कोरड्या लाकडात राहणारी एक वेगळी वाळवीही असते, पण तिची विष्ठा खसखशीसारखी दाणेदार पडते. आणि भोकं लांबट, चांगली मोठी असतील, रात्री शांततेत कर्रकर्र ऐकू येत असेल, तर आत लांब मिशांच्या भुंगेऱ्याची अळी आहे. ती वर्षानुवर्षं आत राहू शकते. तिथे जाणकार सुतारालाच बोलवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ते भोक म्हणजे किड्याची बाहेर पडायची वाट आहे. मादी लाकडाच्या उघड्या छिद्रांत अंडी घालते, अळी आत महिनोन्‌महिने लाकूड खाते, आणि भुंगेरा झाला की भोक पाडून निघून जातो. म्हणजे जे भोक दिसतं त्यातला किडा बहुतेक गेलेला असतो. चिंता करायची ती न दिसणाऱ्यांची. मला हे उशिरा कळलं. सुरुवातीच्या काळात मावशीच्या दिवाणाची सगळी भोकं मी लांबी (पुट्टी) भरून बुजवली, वर सुंदर पॉलिश केलं. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर त्याच फळीला नवी भोकं पडली. मावशी काही बोलली नाही, पण मला ते फार लागलं.

म्हणून आधी कीड जिवंत आहे का ते ठरवा. सगळी पूड ब्रशने झाडून घ्या, जुन्या भोकांभोवती पेन्सिलने खूण करा, पायाखाली काळा कागद ठेवा आणि दोन-तीन आठवडे पलंग हलवू नका, कारण जुनी पूड धक्क्यानेही सांडते. कागदावर नवी पूड आली किंवा खूण नसलेलं भोक दिसलं, तर उपचार करायचा.

पलंग उलटा करून लाकडाचा रंगही बघा. या किडीला स्टार्च लागतो आणि तो सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात असतो. सागाच्या तपकिरी गाभ्याला ती सहसा शिवत नाही. त्यामुळे एक तर पायात सागाचा पांढरा भाग आलाय, नाहीतर सागाच्या रंगाखाली आंबा किंवा रबरवुड आहे. (गावाकडे बांबू ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवायचे ते याचसाठी, स्टार्च निघून जातो.) दुकानदाराची हमी असेल तर काहीही लावण्याआधी फोटो काढून ठेवा.

उपचार मी असा करतो. 1 लिटर गरम पाण्यात 30 ग्रॅम टाकणखार आणि 20 ग्रॅम बोरिक पावडर विरघळवायची. कीड लागलेल्या भागाचं पॉलिश पॉलिशपेपरने पूर्ण काढायचं, नाहीतर पाणी वरच्या वर राहतं. मग ब्रशने भरपूर लावायचं, विशेषतः खालून, मागून आणि सांध्यांत, आणि इंजेक्शनच्या सिरिंजने भोकांतही सोडायचं. वाळलं की पुन्हा. असे तीन हात. हातमोजे घाला, लहान मुलांना दूर ठेवा. पूर्ण सुकल्यावर पॉलिश करा. बंद छिद्रांवर मादी अंडी घालत नाही. भोकं मात्र मेणाने बुजवा, म्हणजे नवं पडलं तर लगेच दिसेल.

हे औषध खोलवर पोचत नाही. आतल्या काही अळ्या वाढून बाहेर येतीलच, त्यामुळे वर्षभरात दोन-चार भोकं पडली तर घाबरू नका, पुन्हा एक हात मारा. रॉकेल तर उडून जातं, मागे काही उरत नाही, आणि झोपायच्या पलंगात आगीचा धोका. प्लायवुडला कीड असेल तर मी औषधात वेळ घालवत नाही, तो तुकडा बदलतो.

पायात स्क्रूड्रायव्हर दाबल्यावर तो आत घुसला तर पाय निकामी झाला. सुताराकडून तेवढाच नवा बसवून घ्या आणि जुना घरात ठेवू नका.

पोळपाट-लाटण्याला कीड लागली तर काय करायचं, हे तुम्ही शेवटी विचारलंय. त्याला यातलं काहीही लावू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडू नका, नाहीतर लाकडावर पाणी धरतं.