बायोप्सीत ‘मेटाप्लेसिया’ आलंय?

प्रश्न : वय ५२, राहणार सिंहगड रोड. अ‍ॅसिडिटी हटेना म्हणून एंडोस्कोपी केली. बायोप्सीत आलंय : ‘अँट्रम – क्रॉनिक गॅस्ट्रायटिस, इंटेस्टायनल मेटाप्लेसिया. डिस्प्लेसिया नाही. एच. पायलोरी आढळले नाहीत.’ डॉक्टर म्हणाले, काळजी नको, पॅन्टोप्रॅझोल घ्या. नेटवर मात्र ‘कॅन्सरच्या आधीची पायरी’ असं वाचलं. खरं काय मानायचं?

उत्तर : दोन्ही खरं आहे. जठराच्या अस्तराला वर्षानुवर्षं सूज राहिली की तिथल्या मूळच्या पेशी झिजतात आणि त्यांच्या जागी आतड्यात असतात तशा गॉब्लेट पेशी येतात. हाच इंटेस्टायनल मेटाप्लेसिया. पुढची पायरी डिस्प्लेसिया, म्हणजे पेशींची ठेवणच बिघडणं. त्यापुढे कॅन्सर. पण बहुतेक जण इतके पुढे जातच नाहीत. पाश्चात्त्य अभ्यासांत मेटाप्लेसिया असलेल्या शंभरांपैकी जेमतेम दोघांना दहा वर्षांत कॅन्सर झाला.

तुमच्या रिपोर्टात खटकतं ते शेवटचं वाक्य. या आजाराचं सर्वांत मोठं कारण म्हणजे एच. पायलोरी. पण मेटाप्लेसिया झालेल्या भागात हे जिवाणू नीट टिकत नाहीत आणि पॅन्टोप्रॅझोल चालू असेल तर आणखी लपतात. म्हणजे तुकड्यात दिसले नाहीत, एवढ्यावरून ते नाहीत असं म्हणता येत नाही. स्टूल अँटिजेन (शौचाची) किंवा युरिया ब्रेथ (श्वासाची) टेस्ट करून घ्या. त्याआधी डॉक्टरांना विचारून पॅन्टोप्रॅझोल २ आठवडे बंद हवं, अँटिबायोटिक ४ आठवडे. मधल्या काळात जळजळ झालीच तर साधं अँटासिड जेल चालतं. रक्तातली अँटिबॉडी तपासणी नको. जुना, बरा झालेला संसर्गही ती दाखवते.

टेस्ट पॉझिटिव्ह आली तर साधारण १४ दिवसांचा कोर्स असतो. चार औषधांच्या कोर्समध्ये बिस्मथ असतं, त्याने शौच काळी होते, घाबरू नका. मेट्रोनिडॅझोल चालू असताना दारू वर्ज्य. बहुतेकांचं बिनसतं ते इथे : तोंड कडू झालं की पाचव्या-सहाव्या दिवशी गोळ्या सोडतात आणि उरलेले जिवाणू त्या औषधांना दाद देईनासे होतात. कोर्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी पुन्हा टेस्ट. ती टाळलीत तर कोर्स लागू पडला की नाही, ते कळणारच नाही. जिवाणू गेले तरी मेटाप्लेसिया बहुधा तसाच राहतो. पुढे सरकण्याचा धोका मात्र घटतो.

दुसरी गोष्ट, तुकडे किती आणि कुठून घेतले ते विचारा. पुरती कल्पना यायला पाच लागतात : अँट्रममधून (जठराचा खालचा भाग) दोन, जठराच्या मुख्य भागातून (बॉडी) दोन आणि कोपऱ्यातून (इन्सिझुरा) एक, अँट्रमचे आणि बॉडीचे वेगळ्या बाटल्यांत. तुमच्या रिपोर्टात फक्त अँट्रम आहे, म्हणजे बॉडीत काय चाललंय ते माहीतच नाही. प्रकार ‘कम्प्लीट’ (पेशी लहान आतड्यासारख्या) की ‘इनकम्प्लीट’ (मोठ्या आतड्यासारख्या) हेही लिहून मागा. इनकम्प्लीटमध्ये धोका जास्त. नवी एंडोस्कोपी लागेलच असं नाही, लॅबमधले ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) आणि स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात. बॉडीतले तुकडे घेतलेच नसतील, तर मात्र वर्षभरात पुन्हा एंडोस्कोपी करावी का, हे गॅस्ट्रोएंटेरोलॉजिस्टशी बोलून ठरवा.

मेटाप्लेसिया फक्त अँट्रममध्ये, जिवाणू गेलेले आणि घरात कुणाला जठराचा कॅन्सर नाही, असं असेल तर दरवर्षी नळी घालण्यात अर्थ नाही. बॉडीतही असेल, इनकम्प्लीट असेल किंवा आई-वडील, भावंडांत जठराचा कॅन्सर असेल, तर साधारण दर ३ वर्षांनी. डिस्प्लेसिया आला तर इतकं थांबायचं नाही.

पॅन्टोप्रॅझोलने जळजळ थांबते, मेटाप्लेसिया जात नाही. मुळात जळजळ मेटाप्लेसियामुळे होतच नाही.

प्रश्न : लोणचं-पापड बंद करू का? ज्येष्ठमधाने हे बरं होतं का? आई मिश्री लावते, तिलाही हाच रिपोर्ट आलाय. (हडपसर)

उत्तर : दिवसाचं एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा, म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा. लोणचं, पापड, फरसाण, सुकट यातलं मीठही त्यातच धरायचं. ज्येष्ठमधाने मेटाप्लेसिया जात नाही. रोज भरपूर घेतलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. मिश्री म्हणजे तंबाखूच, ती बंद. आईंचा मेटाप्लेसिया फक्त बॉडीत असेल तर बी-१२ आणि पॅरायटल सेल अँटिबॉडी तपासा, कारण तिथे ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिस (शरीराची प्रतिकारशक्तीच जठरावर उलटणं) असू शकतो.