परवाना तुझा, पण सही कुठे चालते?

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

परीक्षा झाली, परवाना हातात आला आणि पुढच्या महिन्यात तू ह्यूस्टनच्या क्लिनिकमध्ये पीए, म्हणजे फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांच्या देखरेखीखाली पेशंट तपासणारी), म्हणून रुजू होते आहेस. तुझ्या आईने पेढे वाटल्याचा फोटोही पाठवलाय. तू परवा फोनवर विचारलंस, "मावशी, पीए म्हणून मी कोणकोणती औषधं लिहू शकते, त्याची एक यादी मिळेल का?" अशी यादी असती तर मी तेव्हाच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली असती. टेक्सासमध्ये नुसत्या औषधाच्या नावावरून काही ठरत नाही. तू कुठे उभी आहेस, कोणत्या डॉक्टरांशी तुझा करार आहे आणि समोरचा पेशंट कोणत्या खाटेवर किंवा खुर्चीवर आहे, यावर ते ठरतं. म्हणून पत्र लिहायला बसले.

मी पीए नाही, फार्मासिस्ट आहे. तुम्ही मंडळी जे लिहिता ते माझ्या काउंटरवर येतं, आणि अडलं तर पेशंट माझ्यासमोर ताटकळतो. त्यामुळे कॉलेजात शिकवलेले नियम मला जरा वेगळ्या बाजूने दिसतात.

पहिली गोष्ट कराराची. औषध लिहिण्याचा अधिकार मुळात डॉक्टरांचा. ते तो तुला लेखी करारातून सोपवतात. कामाचं स्वरूप काय, कुठल्या ठिकाणी काम, कोणत्या प्रकारची औषधं लिहायची किंवा नाही लिहायची, सल्ला कसा घ्यायचा, हे सगळं त्यात लागतं. दर महिन्याला डॉक्टरांबरोबर बैठक, त्यात काही केसपेपर उलगडून पाहणं, वर्षातून एकदा कराराची उजळणी करून सही. एका डॉक्टरांना असे करार पूर्णवेळ सात पीए-नर्स प्रॅक्टिशनरपर्यंतच करता येतात. हॉस्पिटलमधलं काम आणि वैद्यकीय सोयी तुटपुंज्या असलेल्या वस्त्या यांना यातून सूट आहे. आता यातली मेख बघ. डॉक्टर नोकरी सोडून गेले आणि करार संपला, की तुझा परवाना भिंतीवर तसाच टांगलेला असतो, पण प्रिस्क्रिप्शन लिहिण्याचा अधिकार त्या दिवशीच संपतो. करारात पर्यायी डॉक्टरांचं नाव घालता येतं. ते आहे का, हे सही करण्याआधी बघ. नव्या नोकरीच्या आनंदात हे कोणी बघत नाही.

दुसरी गोष्ट शेड्यूल टूची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. व्यसन लागू शकणाऱ्या नियंत्रित औषधांचे केंद्र सरकारने पाच शेड्यूल, म्हणजे गट, केलेत; टू हा डॉक्टर लिहू शकतात त्यांतला सगळ्यात कडक. ऑक्सिकोडोन, मॉर्फिन, मुलांच्या एडीएचडीची (अतिचंचलतेची) अ‍ॅडरॉल, रिटालिन ही सगळी शेड्यूल टू. ६ ऑक्टोबर २०१४ पासून हायड्रोकोडोनच्या दुखण्यावरच्या मिश्र गोळ्याही त्यात गेल्या. (गंमत म्हणजे ड्यूक विद्यापीठातून पीएंची पहिली तुकडी बाहेर पडली ती ६ ऑक्टोबरलाच, १९६७ साली. तुमच्या वाढदिवसाला सरकारने ही भेट दिली.) टेक्सासमध्ये पीएला शेड्यूल टू लिहिता येतं ते दोनच ठिकाणी. एक हॉस्पिटल: पेशंट इमर्जन्सीत आहे किंवा चोवीस तास वा जास्त राहण्यासाठी दाखल आहे, तर. दुसरं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची शुश्रूषा. बाहेरच्या क्लिनिकमध्ये नाही म्हणजे नाही.

शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे कोण येतं सांगू? गुडघ्याचं ऑपरेशन होऊन घरी निघालेले आजोबा. गाडीत बसलेले, पाय सीटवर लांब केलेला, मुलगा आत येऊन विचारतोय. प्रिस्क्रिप्शन हॉस्पिटलातल्या पीएने पाठवलेलं, ऑक्सिकोडोनचं. हॉस्पिटलात त्या पीएला ते लिहिता येतं, पण औषध मिळायला हवं त्या हॉस्पिटलच्याच फार्मसीतून. घरी सोडताना माझ्यासारख्या बाहेरच्या दुकानासाठी लिहिलेलं मी देऊ शकत नाही. मग फोनाफोनी, डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये, हॉस्पिटलची फार्मसी बंद व्हायच्या बेतात, आणि मुलगा माझ्यावर डाफरतोय. त्याचं काही चुकत नाही. बापाच्या पायात कळ येतेय, त्याला शेड्यूलचं काय? तू क्लिनिकबरोबर हॉस्पिटलातही पाळ्या करणार आहेस असं म्हणालीस. तेव्हा सकाळी चालणारी सही संध्याकाळी चालत नाही, हे डोक्यात पक्कं असू दे. पेशंट उठून जायच्या आत डॉक्टरांकडून ते प्रिस्क्रिप्शन करून घे.

शेड्यूल तीन ते पाचमध्ये तुला मोकळीक आहे, पण नव्वद दिवसांची, रिफिल (त्याच प्रिस्क्रिप्शनवर पुन्हा मिळणारं औषध) धरून. पुढे चालू ठेवायचं तर डॉक्टरांशी बोलायचं आणि बोलल्याची नोंद करायची. दोन वर्षांखालच्या मुलाला असं औषध द्यायचं तर आधी बोलायचं, आणि तेही लिहून ठेवायचं. "विचारलं होतं" हे तोंडी सांगून भागत नाही. ओपिऑइड (ऑक्सिकोडोन, मॉर्फिनसारखी वेदनाशामकं), बेंझोडायझेपिन, बार्बिच्युरेट आणि कॅरिसोप्रोडॉल लिहिण्याआधी राज्याच्या पीएमपी, म्हणजे नियंत्रित औषधं कोणी कधी घेतली याच्या, नोंदीत पेशंटचा इतिहास बघणं १ मार्च २०२० पासून बंधनकारक आहे. देण्याआधी मीही तेच बघते. तू न बघता लिहिलंस तर ते मला दिसतं, इतकंच लक्षात ठेव. ताज्या दुखण्यासाठी ओपिऑइड दहा दिवसांपेक्षा जास्त नाही आणि रिफिल नाही.

मैत्रीण फ्लोरिडात पीए आहे म्हणून तिचं ऐकून इथे चालू नकोस. तिच्याकडे शेड्यूल टू सात दिवसांपुरतं लिहिता येतं. केंटकीत २०२० पर्यंत पीएला कुठलंच नियंत्रित औषध लिहिता येत नव्हतं, तर नॉर्थ डकोटाने २०१९ मध्ये डॉक्टरांबरोबरच्या लेखी कराराची अटच काढून टाकली. राज्याची हद्द ओलांडली की सगळं उलटंपालटं. आणि ऑस्टिनला आपल्या टेक्सासच्या विधिमंडळाचं नियमित अधिवेशन दर विषम वर्षी भरतं, तेव्हा त्या वर्षीचं नवं काय हे बघायची सवय लाव.

आता आपल्या लोकांविषयी. हे तुला कॉलेजात कोणी शिकवलं नसेल.

उन्हाळा आला की इथल्या निम्म्या मराठी घरांत आई-बाबा येतात. सहा महिन्यांचा मुक्काम, गोळ्या चार महिन्यांच्या. मग मंडळाच्या गणपतीत, महाप्रसादाच्या रांगेत, कोणीतरी तुझा दंड धरून बाजूला घेईल: "अगं, तू आता डॉक्टरच ना! बाबांची शुगरची गोळी संपलीय, तेवढी लिहून दे." हातात पुण्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी, त्यावर १-०-१. आपल्याला ते सकाळ-संध्याकाळ असं लगेच कळतं. इथल्या माझ्या सहकाऱ्याला तो कुठल्यातरी कुलपाचा नंबर वाटला होता. गोळी निघते ग्लिक्लाझाइड आणि मेटफॉर्मिनची, नाहीतर व्हिल्डाग्लिप्टिन, व्होग्लिबोज. मेटफॉर्मिन सोडलं तर ही इथे मंजूरच नाहीत, माझ्या कपाटात नाहीत, कोणाच्याच नाहीत. म्हणजे नुसतं उतरवून द्यायचं नसतं. औषध बदलायचं, डोस ठरवायचा, किडनीचे रिपोर्ट बघायचे, आणि हे सगळं पोळी-भाजीच्या ताटाशेजारी! तुझ्या करारात कामाची जागा लिहिलेली असते. मंडळाचा हॉल त्यात नसतो. तपासणी नाही, केसपेपर नाही, तर ते प्रिस्क्रिप्शन कोणाच्या भरवशावर?

आईंच्या डब्यात "झोपेची साधी गोळी" म्हणून अल्प्राझोलाम असतं, तेव्हा तर कानाला खडा. ते इथे शेड्यूल चार. आणि दुखलं की कॉम्बिफ्लाम. त्यात आयबुप्रोफेन आहे हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. वर इथून आणखी अ‍ॅडव्हिल घेतात (तेही आयबुप्रोफेनच), बीपीच्या गोळ्या चालू असतातच. तू "नाही" म्हणालीस तर लोक नाराज होतील. "शेफारली" असंही म्हणतील. म्हणू देत. पण नुसतं नाही म्हणून पाठ फिरवू नकोस. क्लिनिकची वेळ घेऊन दे, येताना रिकाम्या पाकिटांसकट सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांग, आणि पुढच्या वर्षी यायच्या आधी तिकडच्या डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावं टाइप करून आणा म्हणावं. एवढं केलंस तरी खूप झालं.

औषध स्वतः हाताने देण्याचं थोडक्यात सांगते, कारण टेक्सासमध्ये त्याला फारसा वावच नाही. आपल्या लहानपणी फॅमिली डॉक्टर कागदाच्या पुड्या बांधून द्यायचे, कंपाउंडर काकांनी बाटलीला कागदी पट्टी चिकटवलेली असायची. इथे क्लिनिकमधून पेशंटची तातडीची गरज भागेल एवढंच औषध देता येतं. जवळपास फार्मसी नसलेल्या खेड्यांसाठी वेगळी सवलत आहे. कंपन्यांची सॅम्पल मात्र मिळतील. ती विकणं १९८७ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, आणि "कन्सल्टिंगमध्येच धरलंय" ही पळवाट कोणी सुचवली तर तिथून उठ. दिलेल्या प्रत्येक सॅम्पलची नोंद ठेव: नाव, लॉट नंबर, तारीख. उद्या एखादा लॉट परत मागवला तर कोणाला फोन करायचा, हे त्या नोंदीशिवाय कळणार नाही. कपाटात मागे ढकललेली, मुदत संपलेली पाकिटं महिन्यातून एकदा काढ. हे काम कोणालाच आवडत नाही म्हणून नव्या मुलीच्या गळ्यात पडतं. पडू दे, त्यात शिकायला मिळतं.

लिहिण्याच्या सवयींबद्दल दोन शब्द. पूर्ण आकड्यापुढे दशांशचिन्ह आणि शून्य नको, १.० चे १० वाचले जातात. एकच्या आतला आकडा असेल तर मात्र आधी शून्य हवं. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये, मिलिग्रॅममध्ये नाही. लहान मुलाचं वजन किलोत, आणि ते प्रिस्क्रिप्शनवर येऊ दे, म्हणजे मला डोस ताडून बघता येतो. औषध कशासाठी तेही लिही. तुझ्या नावाबरोबर डॉक्टरांचं नाव, पत्ता, फोन हवाच. तुझा डीईए नंबर (नियंत्रित औषधं लिहिण्यासाठी केंद्राच्या अमली पदार्थ खात्याकडून मिळणारा) एमपासून सुरू होईल आणि त्याचा शेवटचा आकडा आधीच्या सहा आकड्यांच्या गणिताने जुळावा लागतो. आम्ही ते मनातल्या मनात करतो, तेव्हा घाईत एखादा आकडा इकडचा तिकडे करू नकोस.

आणि आमचा फोन आला की चिडू नकोस गं. काही नवे पीए फार्मसीचा फोन म्हणजे कोणी चूक काढतंय असं समजतात आणि रिसेप्शनवरच्या मुलीला उत्तर द्यायला लावतात. तो फोन स्वतः घे. मी विचारते तेव्हा पेशंटने दुसरीकडून घेतलेलं औषध माझ्या स्क्रीनवर असतं, ते तुझ्या स्क्रीनवर नसतं.

कराराचा मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठव. रविवारी दुपारी आपण दोघी फोनवर ओळीने वाचू.

तुझी,
मावशी

ता. क. डीईए नोंदणी करताना व्यसन-उपचारांच्या आठ तासांच्या प्रशिक्षणाबद्दल विचारतील. जून २०२३ पासून ते लागतं. तुझ्या कॉलेजच्या अभ्यासक्रमातच ते झालं असेल तर वेगळा कोर्स करायची गरज नाही, पण कॉलेजकडून तसं पत्र आत्ताच मागून घे.