कोडिंगशिवाय टेस्टिंग

प्रश्न : प्रोग्रॅमिंग येत नाही. सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम मिळेल का? अर्जासोबत काय दाखवू?

उत्तर : मिळू शकतं, मॅन्युअल टेस्टिंगमध्ये, म्हणजे कोड न लिहिता स्वतः सॉफ्टवेअर वापरून चुका शोधण्याच्या कामात. प्रमाणपत्रापेक्षा स्वतः लिहिलेले चार-पाच बग रिपोर्ट, म्हणजे सापडलेल्या चुकांच्या लेखी नोंदी, दाखवा. एखाद्या अ‍ॅपचा फॉर्म घ्या. वयाची अट 18 ते 60 असेल तर 17, 18, 60, 61 टाकून बघा. मग रकाना रिकामा ठेवा, अक्षरं टाका. चुका बहुतेकदा अशा सीमेवरच सापडतात. ‘लॉगिन होत नाही’ एवढंच लिहिलं की रिपोर्ट हमखास परत येतो, कारण डेव्हलपरला ती चूक पुन्हा घडवून बघता येत नाही. क्रमवार पायऱ्या, काय अपेक्षित होतं, काय झालं, ब्राउझरची आवृत्ती आणि स्क्रीनशॉट हवाच. एसक्यूएल म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा; तिच्यातल्या सिलेक्ट, व्हेअर, जॉइन या आज्ञा मात्र शिकून घ्या, मुलाखतीत विचारतात. ते काही प्रोग्रॅमिंग नव्हे!