खचलेल्या बांधवाला आधार देताना

मंडळीतील (चर्चमधील) एक बांधव प्रार्थनेपासून दूर जात आहे आणि त्याला मदत कशी करावी, असे तुम्ही विचारले आहे. सुरुवातीला दोन-तीन गोष्टी सांभाळल्या तरी पुरे.

पहिली म्हणजे ऐकणे. बायबलमधल्या, संकटे कोसळलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. बोलू लागले आणि त्याच्या दुःखाचे कारण त्याच्याच पापात शोधू लागले, तिथे सारे बिघडले. मीही नवखेपणी नोकरी गेलेल्या एका बांधवासमोर बसल्या बसल्या पवित्र शास्त्र उघडून वचने वाचू लागलो होतो. त्याने चहाचा कप न पिताच खाली ठेवला आणि ‘बरं’ एवढेच म्हटले. त्याच्या घरात किराणा आहे का, हे विचारायचे मला सुचलेच नाही.

दुसरी म्हणजे गुप्तता. ‘यांच्यासाठी प्रार्थना करा’ म्हणत त्याची अडचण चारचौघांत मांडणे ही चहाडीच असते, आणि ही चूक भल्याभल्यांकडून होते.

कोणी पापात सापडला असेल, तर त्याला सौम्यतेने सावरावे आणि आपणही मोहात पडू नये म्हणून स्वतःकडे लक्ष ठेवावे, असे प्रेषित पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात सांगतो (बायबल, गलतीकरांस पत्र ६:१). कुसळ काढायला निघताना आपले मुसळ आठवावे.

मात्र तो जीव देण्याची भाषा करू लागला, तर गुप्ततेचा नियम बाजूला ठेवून त्याला एकटे न सोडता घरच्यांना, मंडळीच्या पाळकांना (धर्मगुरूंना) आणि डॉक्टरांना लगेच कळवावे.